घरी ३०० जीएसएम कार्डशीट छापायला कुठला प्रिंटर घ्यावा?

म्हार्दोळची जाई

नमस्कार मंडळी. मी हाताने शुभेच्छापत्रं आणि छोट्या निमंत्रणपत्रिका करते. बारसं, मुंज, वाढदिवस, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी दर्शनाला बोलावण्याची कार्डं, आणि डिसेंबर आला की शेजारच्या ख्रिस्ती घरांसाठी नाताळची. एका ऑर्डरला वीस-पंचवीस, फार तर पन्नास. त्याहून मोठं काम मी घेतच नाही, कारण प्रत्येक कार्डावर ब्रश फिरवल्याशिवाय ते माझ्या हातून सुटत नाही.

कामाची पद्धत सांगते, म्हणजे अडचण कळेल. नक्षी मी कागदावर पेनाने काढते, स्कॅन करते आणि कार्डशीटवर फक्त काळी रेघ छापते. मग जलरंग भरते. यंदा माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीची, नक्षी केली आहे: सुपारीची शिपटी, नारळ, तोरिंजन, आंबाडे, सगळं लाकडी चौकटीला टांगलेलं. दुसरी नक्षी कावीची आहे, जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तशी, पांढऱ्यावर तांबडी. ती मात्र रंगीतच छापावी लागते. छापून झालं की घडीची खाच पाडायची, दुमडायचं आणि वर कापलेले तुकडे फोमच्या टेपने चिकटवायचे. तुकड्यांचं वजन पेलून कार्ड टेबलावर ताठ उभं राहायला हवं. त्यामुळे ३०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) खाली जायची माझी तयारी नाही. २२० चं कार्ड चार दिवसांत मान टाकतं.

सध्याचा प्रिंटर घरात मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला, पुढच्या बाजूला खाली ट्रे असलेला. २२० चा कागद कुरकुरत घेतो. ३०० चा घातला तर निम्म्या वेळा ‘पेपर जॅम’ म्हणतो आणि उरलेल्या वेळा कागद बाहेर येतो तो कमानीसारखा वाकलेला, वर आडवी पांढुरकी चीर. कडेला शाईचे डाग पडतात ते वेगळेच. आणि सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते हे की ओला ब्रश रेघेवरून गेला की काळी शाई पसरते आणि पिवळ्या आंबाड्यात करडा ओघळ उतरतो.

नवीन घ्यायचाच आहे. बजेट वीस हजारांच्या आत. खरोखरच गरज असेल तर थोडी वर जाईन. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सगळेच ३०० घेतात, खोक्यावर लिहिलंय.’ त्या आकड्यावर किती विसंबायचं? लेझर घ्यावा की शाईचा? शिवाय सहा इंची चौकोनी कार्डाला फार मागणी आहे. उघडल्यावर ते बारा इंच होतं आणि ए-फोर कागद बारा इंचांना जरासा कमी पडतो. त्यासाठी ए-थ्री प्रिंटर घ्यावाच लागेल का? आणि पावसात इथे कागद कसा सादळतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर कोणी काही उपाय करतं का?

चवथ तोंडावर आली आहे. अनुभवाचं सांगा.

वाळपईचा मास्तर

ताई, शाळेची प्रमाणपत्रं आणि बक्षिसांची कार्डं मी घरच्या काळ्या-पांढऱ्या लेझरवर छापतो. अक्षर कोरल्यासारखं येतं आणि वरून पाणी सांडलं तरी पुसत नाही, कारण टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. ती तापलेल्या रुळाखाली वितळून कागदावर बसते. तुमच्या जलरंगाला ते सोयीचं.

पण ३०० जीएसएम घरगुती लेझरच्या आवाक्यातलं नाही. बहुतेक घरगुती लेझरची मर्यादा १६३ जीएसएम छापलेली असते आणि ती पाळावी. कागद जाड झाला की तो रूळ पुरेसा तापवू शकत नाही. टोनर नीट चिकटत नाही, नखाने खरवडला तर निघतो, घडीवर तर पापुद्रेच सुटतात. जाड कागद पेलणारे लेझर आहेत, पण ते प्रेसवाल्यांचे. पणजी-मडगावात डिजिटल प्रेस आहेत, ३०० चं कार्ड त्यांना रोजचं. पन्नास प्रतींची फक्त रेघ त्यांच्याकडून छापून घेतलीत तर?

म्हापशाची कार्डवाली

जाईताई, मीही हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

मास्तरांचा प्रेसचा सल्ला चुकीचा नाही, पण आपल्या कामात नावं बदलतात, तारीख बदलते, आदल्या रात्री फोन येतो की आत्याचं नाव राहिलं. पाच कार्डांसाठी प्रेसमध्ये कोण उभं करणार? घरचा प्रिंटर हवाच.

खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी कागदाचा रस्ता बघा. ज्या प्रिंटरचा ट्रे पुढे खाली असतो आणि छापील कागदही पुढेच बाहेर येतो, त्यात कागद आत जाऊन रुळाभोवती पूर्ण उलटा वळतो. ३०० चं कार्ड असं वळवलं की त्याचा कणा मोडतो. तुमची ती आडवी पांढुरकी चीर तिथलीच. याउलट ज्यात कागद मागून उभा लावतात, त्यात तो तिरका खाली येतो, थोडासाच वाकतो आणि पुढे बाहेर पडतो. एकच वळण, तेही उताराचं. दुकानात गेलात की पहिला प्रश्न एवढाच विचारा: कागद मागून जातो का? ‘नाही’ म्हटलं की पुढचं ऐकूच नका.

आता त्या आकड्याबद्दल. माझ्याकडे कॅननचा टँकवाला, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या टाक्यांचा, जी ३०१० आहे, मागून कागद घेणारा. त्याच्या माहितीपत्रकात साध्या कागदाला ६४ ते १०५ जीएसएम अशी मर्यादा दिली आहे आणि कंपनीच्या स्वतःच्या फोटो पेपरला पावणेतीनशेच्या आसपास. म्हणजे मोठा आकडा असतो तो त्यांच्या फोटो पेपरचा. तो कागद दाबलेला, घट्ट असतो. आपली कार्डशीट फुगीर. त्याच वजनात ती जास्त जाड भरते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, जाडी नव्हे, आणि प्रिंटरच्या फटीतून जायची असते ती जाडी. माझ्या प्रिंटरमधून ३०० चं गुळगुळीत कार्ड रोज जातं, पण हे कंपनीने दिलेलं वचन नाही, हे ध्यानात ठेवून वापरते.

दुकानदार देतो तो कागद खरंच ३०० चा आहे का तेही घरी बघता येतं. ए-फोरचे सोळा ताव मिळून बरोबर एक चौरस मीटर होतो. सोळा कागद स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, जितके ग्रॅम भरतील तितके जीएसएम. ‘तीनशेचा’ म्हणून विकलेला कागद २६०-२७० भरलेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट शाई. तुमच्या सगळ्या दुःखाचं मूळ इथे आहे. शाई दोन जातींची: डाय आणि पिगमेंट. डाय पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, म्हणून ओला ब्रश लागला की पुन्हा सुटते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते कागदावर बसून वाळले की पाण्याने हलत नाहीत. फोटोसाठी म्हणून नावाजलेले सहा शायांचे प्रिंटर असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या सगळ्या शाया डाय असतात. फोटो सुरेख येतो, पण त्यावर जलरंग चालवायचा तर तो प्रिंटर तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला हवी ती निदान काळी तरी पिगमेंट. कॅननच्या या जी मालिकेत काळी पिगमेंट आणि बाकी तिन्ही डाय आहेत. दुकानदाराला माहीत नसेल तर शाईच्या बाटलीच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर बघा.

आणि इथे एक मेख आहे. प्रिंट देताना कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी फोटो पेपर’ निवडलात तर प्रिंटर पिगमेंट काळी वापरतच नाही; तिन्ही रंग मिसळून काळा तयार करतो आणि तो डाय असल्याने पसरतो. म्हणून रेघेच्या कामासाठी प्रकार ‘प्लेन पेपर’ आणि दर्जा ‘हाय’ ठेवायचा, कार्ड कितीही जाड असलं तरी. मग रात्रभर वाळू द्या. मी संध्याकाळी छापते आणि सकाळी रंगवते. रेघ जागची हलत नाही.

कडेचे डाग पडतात ते कागदाची कड किंवा कोपरा वर उचलला जाऊन शाईच्या हेडला घासतो म्हणून. कॅननच्या सेटिंगमध्ये ‘प्रिव्हेंट पेपर अब्रेजन’ म्हणून पर्याय आहे, एप्सनच्या काही प्रिंटरमध्ये ‘थिक पेपर’ म्हणून. तो चालू केला की हेड आणि कागद यांतलं अंतर वाढतं. छपाई थोडी सावकाश होते, होऊ दे. पुढची कड टेबलाच्या काठावरून अगदी हलक्या हाताने किंचित खाली वळवायची, चारी कोपरे सपाट आहेत ना ते बोटाने बघायचं आणि एका वेळी एकच कागद लावायचा. मागचा कागद-आधार लेचापेचा असतो, म्हणून रूळ कागद पकडेपर्यंत मी तळहाताने मागून टेकू देते. ढकलत नाही, नुसता टेकू. जाड कागदाचं वजन रुळाला एकट्याने ओढवत नाही, कागद तिरका जातो आणि सगळी नक्षी वाकडी येते.

सहा इंची चौकोनासाठी ए-थ्री घेऊ नका. मागून कागद घेणाऱ्या ए-फोर प्रिंटरची बंधनं रुंदीला असतात, २१६ मिलिमीटरपर्यंत. लांबीला तो लीगल कागद, म्हणजे १४ इंच, सहज घेतो. तुम्ही सहा इंच रुंद आणि बारा इंच लांब पट्टी कापा, सेटिंगमध्ये १५२ बाय ३०५ मिलिमीटर असं ‘कस्टम’ माप भरा आणि पट्टी उभी घाला. बारा बाय बारा इंची स्क्रॅपबुकचे अख्खे कागद छापायचे असतील तरच ए-थ्री प्लसची, १३ इंच रुंदीची गरज. तसा घ्यायचाच झाला तर एप्सनचा एल ८१८० आहे. त्याला मागे सरळ वाट आहे, १.३ मिलिमीटर जाडीपर्यंतचा पुठ्ठा न वाकता जातो आणि त्याची काळी शाई पिगमेंट आहे. पण किंमत तुमच्या बजेटच्या फार पुढची. धंदा वाढला की बघा.

कागदाबद्दलही जपून. दुकानात ‘आर्ट कार्ड’ म्हणून चकचकीत जाड शीट मिळते, ती ऑफसेटसाठी, म्हणजे प्रेसवरच्या छपाईसाठी, असते. शाईच्या प्रिंटरवर तिच्यात शाई मुरतच नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. तुम्ही बिनचकाकीची, गुळगुळीत कार्डशीट घ्या. जलरंगाचा कागद हवा असेल तर हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत अंगाचा. कोल्ड प्रेसच्या खडबडीत अंगावर बारीक रेघ तुटक येते.

म्हार्दोळची जाई

ताई, किती मनापासून लिहिलंत! सोळा कागदांचं लगेच करून पाहिलं. माझा ‘३००’ चा गठ्ठा २७४ भरला. आता कळलं की काही कार्डं वाकतात कशी.

मास्तर, प्रेसचा पर्याय मोठ्या ऑर्डरसाठी मनात ठेवला आहे, आभार.

आणखी एक विचारते. ए-फोर अर्धा दुमडून ए-फाइव्ह कार्ड करते तेव्हा घडीच्या बाहेरच्या अंगाला कागद फुटतो, तंतू वर येतात. खाच पाडूनही. कावीच्या कार्डावर तर तांबड्या रंगामधून पांढरी रेघ दिसते आणि गिऱ्हाइकाच्या हातात ते देववत नाही. हा प्रिंटरचा दोष की कागदाचा?

मडगावचा दुरुस्तीवाला

ताईंच्या घडीचं कार्डवाल्या ताई सांगतीलच, मी माझ्या बाजूचं बोलतो. प्रिंटर उघडणं हे माझं रोजचं काम.

जाड कागद वापरणाऱ्यांचे प्रिंटर माझ्याकडे येतात ते तीन कारणांनी. पहिलं, कागद ओढणारा रबरी रूळ गुळगुळीत झालेला. कार्डशीटची भुकटी त्यावर बसते आणि पकड जाते. लोक समजतात प्रिंटर गेला. बिनतंतूचं फडकं पाण्याने किंचित ओलं करून रूळ हाताने फिरवत पुसा, वाळू द्या, नव्यासारखी पकड येते. थिनर, पेट्रोल असलं काही रबराला लावू नका.

दुसरं, हातकागद. त्याच्या झालरीसारख्या कडा दिसायला देखण्या, पण तंतू सुटतात आणि हेडखाली जाऊन बसतात. मग प्रत्येक ओळीला केसासारखी फरफट उमटते. हातकागद वापरायचाच असेल तर आधी मऊ ब्रशने दोन्ही बाजू झाडा, निदान आत जाणारी कड तरी सरळ कापून घ्या, आणि छापलेला तुकडा कार्डावर चिकटवायची सोय असेल तर तेच करा.

तिसरं, पाऊस. कागद हवेतली ओल पितो. ओलावलेली कार्डशीट एका बाजूला वळते, वळली की कोपरे उचलतात, कोपरे उचलले की हेडला आपटतात. शिवाय शाई पसरून रेघ जाड होते. गठ्ठा उघडा ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा; दाणे रंग बदलणारे घ्या, म्हणजे कधी भरले ते कळतं, आणि मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात. दिवसाला लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. फॅनखाली मात्र पसरून ठेवू नका, वरची बाजू आधी सुकते आणि कागद आणखी वळतो.

विजेचंही सांगून ठेवतो, गावागावांत पावसात लाइट जाते म्हणून. शाईचा प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर बिनधास्त चालतो, त्याला वीज फार थोडी लागते. लेझरचा रूळ तापताना एकदम खेचतो, छोटा यूपीएस तिथेच बसतो. आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या बटणानेच. बटणाने बंद केला की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. भिंतीवरचा स्विच थेट बंद केलात तर हेड उघडं राहून शाई वाळते. आठवड्यातून एकदा तरी एखादं रंगीत पान काढा. हेड क्लीनिंग मात्र उठसूट नको. त्यात वाहून गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये जमते आणि ते भरलं की प्रिंटर काम थांबवतो.

घ्यायला जाताना स्वतःच्या कार्डशीट बरोबर न्या आणि दुकानात समोर छापायला लावा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

म्हापशाची कार्डवाली

घडीचा दोष कागदाचाही नाही आणि प्रिंटरचाही नाही. तो दिशेचा आहे.

कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात. तंतूंच्या बाजूने दुमडलं की घडी सुरेख बसते, आडवं दुमडलं की तंतू मोडतात आणि वर येतात. तयार ए-फोरच्या गठ्ठ्यात तंतू बहुधा लांबीच्या बाजूने असतात, आणि ए-फोरचं ए-फाइव्ह करताना घडी येते रुंदीच्या बाजूने. म्हणजे आपण दर वेळी तंतूंच्या आडवेच दुमडतो. ८० च्या कागदाला काही वाटत नाही, ३०० ला ते दिसतं.

दिशा ओळखायला कागद दोन्ही तळव्यांत धरून न मोडता हलकेच वाकवा, आधी लांबीने, मग रुंदीने. एकीकडे तो निमूट वाकतो, दुसरीकडे अंग ताठ करतो. निमूट वाकतो तेव्हा जी घडी पडू पाहते, ती तंतूंच्या बाजूची. शंका वाटली तर कोपऱ्यातून चौकोनी तुकडा कापून एका अंगाला ओला करा. तो नळीसारखा वळेल आणि नळी ज्या दिशेला लांब, ती तंतूंची दिशा.

म्हणून मी ए-फोरचे गठ्ठे घेणं सोडलं आणि मोठे ताव घेते, २५ बाय ३६ इंची. तंतू ३६ च्या बाजूने असतील तर ए-फोरची रुंदी ३६ च्या बाजूला ठेवून कापायला सांगते. एका तावात आठ निघतात. उलटे कापले तर नऊ निघाले असते, म्हणून कटिंगवाला दर वेळी समजवायला बघतो की ताई, एक वाया जातोय. जाऊ दे. उरलेल्या पट्ट्यांतून नावाच्या चिठ्ठ्या होतात.

आणि याचा फायदा प्रिंटरलाही होतो. असे कापलेले कागद मागून घातले की त्यांचे तंतू रुळाला समांतर येतात आणि कागद त्या एका वळणावर सहज वाकतो. पूर्वी अडणारा तोच कागद, त्याच प्रिंटरमधून, दिशा बदलल्यावर बिनबोभाट जाऊ लागला. तुमची सहा बाय बारा इंची पट्टीसुद्धा तंतू सहा इंचांच्या बाजूला येतील अशीच कापून घ्या.

घडीची खाच छापून, शाई पूर्ण वाळल्यावरच पाडा. खाचेमुळे जो उंचवटा उठतो तो घडीच्या आतल्या बाजूला यायला हवा. बोन फोल्डर (घडी पाडायची बोथट पट्टी) नसला तर विणकामाच्या सुईचं बोथट टोक आणि स्टीलची पट्टी घ्या. पट्टीला टेकवून दोन हलके हात फिरवा. एकाच दाबात खोल जाऊ नका. कावीसारखा भरगच्च रंग घडीवर येत असेल तर नक्षीतच त्या जागी तीन-चार मिलिमीटरची पांढरी पट्टी सोडा. कावीत पांढरं असतंच, ती किनार म्हणून शोभते.

म्हार्दोळची जाई

काल फोंड्याला जाऊन आले, माझ्या कार्डशीट घेऊन. पहिल्या दुकानात पुढच्या ट्रेवाला दाखवला, त्याला नमस्कार केला आणि निघाले. दुसऱ्या दुकानात मागून कागद घेणारा टँकवाला, काळी शाई पिगमेंट, होता. त्यांनी तिथेच जोडून दिला. ‘प्लेन पेपर’, दर्जा ‘हाय’, अब्रेजनचा पर्याय चालू, तळहाताचा टेकू. माझा २७४ वाला तर गेलाच, पण तिथून घेतलेला खरा ३०० चा कागदही सरळ गेला. चीर नाही, कडेला डाग नाही. घरी आणून रात्रभर ठेवला आणि आज सकाळी आंबाड्यांवर पिवळा भरला. रेघ जशीच्या तशी. बजेटमध्येही बसला.

आता कावीचं. स्क्रीनवर गेरूसारखा तांबडा आहे, कागदावर मात्र विटकरी-तपकिरी आणि मेलेला दिसतो. शिवाय भरगच्च रंगाने कार्ड मधोमध फुगतं. नाताळच्या कार्डांसाठी गडद हिरव्या कार्डशीटवर पांढरी नक्षी छापायचीही इच्छा होती.

म्हापशाची कार्डवाली

घेतलात ते उत्तम झालं!

पांढरं छापता येणार नाही. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, तो पांढरं म्हणजे कोरा कागद सोडतो. हिरव्या कार्डावर पांढरी जेल पेन चालवा किंवा पांढऱ्या कागदावर छापून, कापून वर चिकटवा.

तांबड्यासाठी: बिनचकाकीचा कागद शाई आत ओढून घेतो, म्हणून रंग बसका दिसतो. मूळ चित्रात तांबडा थोडा उजळ करा, त्यातला निळा कमी करा. मग त्याच कार्डशीटच्या एका तुकड्यावर पाच-सहा छटांचे चौकोन शेजारी शेजारी छापा, प्रत्येकाखाली त्याचे आकडे लिहा आणि वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी निवडा. ओली शाई गडद दिसते, घाईने ठरवू नका. दुसरं, कावीसाठी कागदाचा प्रकार ‘मॅट फोटो पेपर’ करून बघा. इथे वर ब्रश चालवायचा नाही, त्यामुळे शाई डाय असली तरी चालेल. अर्थात तो प्रकार शाई जास्त टाकत असेल तर फुगवटा वाढेल, तेव्हा दोन्ही प्रकार शेजारी ठेवून तपासा. नक्षीतली भरीव पार्श्वभूमी कमी करून पांढरा भाग वाढवलात तर फुगवटा कमी होईल. छापल्याबरोबर एकावर एक ठेवू नका. वरवर वाळली की दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा, सकाळी सपाट होतात.

एक राहिलंच. चवथीच्या गर्दीत काळ्या शाईची बाटली संपते आणि नेमकी त्याच आठवड्यात मिळत नाही. आत्ताच एक जादा आणून ठेवा, आणि बाटलीवरचा क्रमांक प्रिंटरवरच्या क्रमांकाशी जुळतो ना ते बघून घ्या. पिगमेंटच्या टाकीत दुसरी काळी ओतली की रेघ पुन्हा पसरायला लागेल.